बारा बाइटांचा निरोप

पाण्याचा मीटर दिवसातून दोन-चारदा एक आकडा कळवतो. तेवढ्यासाठी मोबाइलची जोडणी महाग पडते आणि वाय-फाय घराबाहेर फारसे पोचत नाही. एका बॅटरीवर वर्षानुवर्षे चालून काही किलोमीटरवर निरोप पोचवणारी रेडिओयंत्रणा हवी होती. २०१० च्या आसपास फ्रान्समधल्या दोन छोट्या कंपन्यांनी तिची दोन वेगळी उत्तरे शोधली.

तुलूजजवळच्या सिगफॉक्सने संदेश अवघ्या १०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात बसवला. पट्टा जितका अरुंद, तितका त्यात शिरणारा गोंगाट कमी. म्हणून क्षीण संकेतही दूरवर ओळखू येतो. वेग मात्र सेकंदाला १०० बिट एवढाच. १२ बाइटांचा निरोप वेगवेगळ्या वारंवारितांवर तीनदा पाठवायला सुमारे सहा सेकंद लागतात. युरोपातल्या ८६८ मेगाहर्ट्‌झच्या विनापरवाना पट्ट्यात उपकरणाला तासातला एक टक्का वेळ, म्हणजे ३६ सेकंदच बोलता येते. तासाला सहा निरोप, दिवसाला १४४: सिगफॉक्सची १४० संदेशांची मर्यादा या साध्या हिशेबातली आहे.

ग्रेनोबलच्या सायक्लिओने उलट वाट धरली. तिच्या लोरा पद्धतीत संकेत रुंद पट्ट्यावरून चढत्या सुरासारखा सरकतो. कल्पना रडारमधली; गोंगाटाखाली दबलेला सूरही ठरावीक चढणीमुळे सापडतो. पल्ला टप्प्याटप्प्याने वाढवता येतो, पण दर टप्प्याला संदेश हवेत राहण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने सायक्लिओ विकत घेतली.

पुढचा इतिहास रेडिओच्या गुणांपेक्षा जाळ्याच्या मालकीने अधिक घडवला. सिगफॉक्सचे जाळे ती स्वतः किंवा त्या देशातला तिचा भागीदार चालवी. सेमटेकने चिप विकल्या. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या लोरा अलायन्स या संघटनेने लोरावर चालणाऱ्या लोरावॅन जाळ्याचे नियम खुले केले, आणि कुणालाही संदेश झेलणारा आपला गेटवे उभारता येऊ लागला. चिपमागच्या तंत्राचे हक्क मात्र सेमटेककडेच राहिले.

जून २०१६ मध्ये मोबाइल क्षेत्राने एनबी-आयओटी या आपल्या अशाच यंत्रणेचे मानक पूर्ण केले. तिचा १८० किलोहर्ट्‌झचा पट्टा जीएसएमच्या एका वाहिनीत मावतो, जुने टॉवर वापरता येतात आणि परवान्याच्या पट्ट्यात एक टक्क्याचे बंधन नसते. तरीही ती सर्वत्र रुजली नाही: जपानच्या डोकोमोने २०२० मध्ये ती सेवा बंद केली.

डिसेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने लोरावॅनला मानक म्हणून मान्यता दिली. पुढच्याच महिन्यात सिगफॉक्स न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली, आणि एप्रिल २०२२ मध्ये सिंगापूरच्या युनाबिझने तिचा कारभार विकत घेतला.