उपवास आणि रक्तांतील साखर

दिवसभर अन्नाचा कण पोटांत गेला नाहीं, तरी निरोगी माणसाच्या रक्तांतील साखर संपत नाहीं. ती येते कोठून, या प्रश्नाच्या शोधांत शरीरशास्त्राचा एक मोठा अध्याय लिहिला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विद्वानांचा असा समज होता कीं, साखर निर्माण करावी वनस्पतींनीं आणि ती खर्चावी प्राण्यांनीं. १८४८ सालीं पॅरिस येथें क्लोद बर्नार यांना केवळ मांस खाणाऱ्या कुत्र्याच्या यकृतांतून येणाऱ्या रक्तांतही साखर सांपडली. १८५५ सालीं त्यांनीं नुकतेंच काढलेलें यकृत साखरेचा लवलेशही न उरेपर्यंत पाण्याच्या धारेनें धुतलें. दुसऱ्या दिवशीं पाहतात, तों त्याच यकृतांत पुन्हां साखर! तिचें मूळद्रव्य त्यांनीं १८५७ सालीं वेगळें काढलें; तेंच ग्लायकोजेन.

जेवणानंतर यकृत हा सांठा करतें. उपवासांत इन्सुलिन कमी झालें, कीं त्याचेंच ग्लूकोज बनून रक्तांत येतें. परंतु हें कोठार सुमारें १०० ग्रॅमचें, आणि एकट्या मेंदूलाच दिवसाला तितकें ग्लूकोज लागतें. एका अहोरात्रांत तें जवळजवळ रितें होतें. तेव्हां स्नायू बव्हंशीं चरबीवर भागवितात, आणि यकृत प्रथिनांपासून व चरबींतील ग्लिसरॉलपासून नवें ग्लूकोज घडवितें.

येथें एक कोडें उभें राहतें. मेंदूची सारी गरज प्रथिनांतूनच भागली, तर स्नायू झिजून माणूस थोड्याच आठवड्यांत दगावावा. पण १९१२ सालीं बोस्टन येथें फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्या प्रयोगशाळेंत माल्टाचे लेव्हान्झिन नांवाचे गृहस्थ नुसत्या पाण्यावर ३१ दिवस राहिले. पहिले कांहीं दिवस लोटल्यावर त्यांच्या मूत्रांतील नत्राचें प्रमाण उतरत गेलें. अर्थात् प्रथिनांची झीज मंदावली होती. याचें कारण १९६७ सालीं उमगलें. पांच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या स्थूल व्यक्तींच्या मेंदूंत जाणारें व तेथून परतणारें रक्त ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तपासलें. मेंदूची अर्ध्याहून अधिक गरज चरबीपासून बनलेलीं कीटोन द्रव्यें भागवीत होतीं.

एका दिवसाच्या उपवासांत ही शेवटची व्यवस्था नुकतीच सुरू होत असते. मुख्य भार यकृतावरच असतो. मात्र जो मधुमेही इन्सुलिन टोंचून घेतो, त्याच्या शरीरांतील इन्सुलिन उपवास ओळखून आपोआप कमी होत नाहीं. म्हणून वैद्याच्या सल्ल्यावांचून त्यानें जेवण टाळणें धोक्याचें आहे.