मुलुंडची बिजली आणि पालिलेय्यकचा हत्ती : मैत्री म्हणजे काय?

जून २०१३ मध्ये मुलुंडला रस्त्याच्या कडेला बिजली नावाची हत्तीण कोसळली. पन्नाशी उलटलेल्या बिजलीचे आयुष्य मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागण्यात आणि लग्नाच्या वरातींत गेले होते. पशुवैद्य व प्राणिमित्रांनी उपचारांची शर्थ केली, अमिताभ बच्चन यांनीही तिच्यासाठी आवाहन केले. पण ३० जूनला तिचा मृत्यू झाला. उपनगरांत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी अशाच एखाद्या हत्तीच्या सोंडेत नाणे ठेवले आहे. त्याला आपण प्रेम समजत आलो. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

डांबरी रस्त्यावरचा हत्ती

हत्ती हा कळपाने राहणारा प्राणी आहे. वयस्कर मादी कळपाची वाट ठरवते, माद्या मिळून पिल्ले सांभाळतात. मोठ्या हत्तीला दिवसाला सुमारे १५० किलो चारा आणि भरपूर पाणी लागते. तापलेल्या डांबरावर चालून त्याचे तळवे फाटतात, साखळीत उभे राहून सांधे झिजतात. आपण दिलेल्या नाण्याने त्याचे पोट भरत नाही. उलट त्याला रस्त्यावर आणणे परवडत राहते.

बौद्ध परंपरेतील हत्ती

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आज रानहत्ती नाहीत. मात्र तिथल्या कान्हेरी लेण्यांत, चैत्यगृहाच्या स्तंभशीर्षांवर ते कोरलेले आहेत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात छद्दन्त जातकातील हत्ती रंगवलेला आहे. त्याचे दात मिळवण्यासाठी शिकारी पाठवला जातो, अशी ती कथा. राजगृहातील नालागिरी हत्तीला दारू पाजून तथागतांवर सोडण्यात आले होते. दोष माणसांचा होता आणि तथागतांनी हत्तीला मैत्रीने शांत केले.

सर्वांत बोलकी कथा पालिलेय्यक वनातील आहे. कोसंबीच्या भिक्खूंमधील भांडणानंतर तथागत एकांतासाठी या वनात राहिले. तिथे एका हत्तीने त्यांची सेवा केली. धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार, तथागत निघाले तेव्हा हत्तीही मागोमाग आला. गावाच्या वेशीजवळ त्यांनी त्याला थांबवले, कारण पुढे माणसांची वस्ती होती आणि तिथे त्याला धोका होता. हत्ती स्वतःहून येत असतानाही तथागतांनी त्याला सोबत नेले नाही. आपण मात्र बिजलीला थेट मुलुंडच्या रस्त्यापर्यंत आणले.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हत्तीचा समावेश आहे. ‘हत्ती प्रकल्प’ १९९२ मध्ये सुरू झाला आणि २०१० मध्ये हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राणी घोषित केले गेले. पाळीव हत्ती बाळगायला मालकी प्रमाणपत्र लागते. त्याची विक्री करता येत नाही. मात्र २०२२ च्या दुरुस्तीने धार्मिक किंवा अन्य कारणासाठी हत्ती हस्तांतरित करण्याची वाट मोकळी ठेवली आहे. या वाटेवर आपली नजर हवी.

जंगल तुटले की

२००२ च्या सुमारास कर्नाटकातून रानहत्ती सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात उतरले. तेव्हापासून माड, केळी, सुपारी आणि भातशेतीचे नुकसान सोसणारा शेतकरी आणि हत्ती आमनेसामने आहेत. इथे केवळ हत्तीची बाजू घेऊन भागणार नाही. शेतकऱ्याला वेळेवर भरपाई आणि हत्तीला सलग जंगल, दोन्ही मागण्या एकत्रच कराव्या लागतील.

आपण काय करू शकतो?

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब करुणा आणि मैत्री यांत फरक करतात. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी. बावीस प्रतिज्ञांमध्येही प्राणिमात्रांवरील दया आणि त्यांचे पालन आहे. म्हणून आपल्या मिरवणुकीत, मंगल परिणयात किंवा जयंतीच्या कार्यक्रमात हत्ती आणू नये. रस्त्यावर हत्ती दिसला तर पैसे न देता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कान्हेरीला सहल नेली, तर मुलांना त्या स्तंभांसमोर उभे करून पालिलेय्यकची कथा सांगावी. तथागतांनी हत्तीला वेशीवर का थांबवले, हे मुलांना समजले की सोंडेत नाणे ठेवण्यासाठी त्यांचा हात पुढे होणार नाही.