नको असलेल्या फोनची गोष्ट : सोळा रुपये मिनिटापासून 140 पर्यंत

स्क्रीनवर 140 ने सुरू होणारा नंबर दिसला की आता आपल्याकडे कोणी फोन उचलत नाही. वाजू देतात, नाहीतर लाल बटण दाबून मोकळे होतात. पण हा 140 आला कुठून, कधी आला आणि तो येऊनही आपला त्रास का कमी झाला नाही, याची गोष्ट मोठी आहे. निवांत वाचा, पोस्ट लांब आहे.

सुरुवात पैशापासून करावी लागते. 31 जुलै 1995 ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. देशातला हा पहिला मोबाईल कॉल. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. आपल्याकडे तर तो जमाना पिवळ्या एसटीडी बूथचा. जळगावात फुले मार्केटला काय किंवा धुळ्यात आग्रा रोडला काय, रात्री दर उतरायची वाट बघत लोक बाकड्यावर बसायचे. फोन आला की आधी "कोन बोली ऱ्हायना भाऊ?" आणि मग लगेच मुद्द्याचं. डोळा मीटरवर. अशा काळात कर्ज विकायला अनोळखी माणसाला फोन कोण करणार? महागाई हीच तेव्हाची भिंत होती.

ती भिंत दोन-तीन वर्षांत पडली. ऑक्टोबर 2002 मध्ये बीएसएनएलचं सेलवन आलं. 2003 मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि त्याच पावसाळ्यात रिलायन्सने 501 रुपयांत हँडसेट हातात दिला. दूध घालणारा, रिक्षावाला, केळीचा मुकादम, सगळ्यांकडे नंबर आला. चांगलंच झालं, त्यात वाद नाही. पण ज्या दिवशी फोन घेणाऱ्याचा खर्च शून्य झाला, त्याच दिवशी त्याचा वेळही फुकटचा मानला गेला. क्रेडिट कार्ड, विमा, प्लॉट, सुरू झाले फोन.

2005 मध्ये हर्ष पाठक नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मुद्दा साधा होता : माझा नंबर यांना दिला कोणी? त्यानंतर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जून 2007 मध्ये नियम केले आणि त्याच ऑक्टोबरात 'डू नॉट कॉल' नोंदणी सुरू झाली. नाव नोंदवा, फोन बंद होतील, असं सांगितलं गेलं.

माझा आक्षेप इथेच आहे आणि तो आजही कायम आहे. दारात येऊन कोणी त्रास देत असेल, तर त्याने आधी परवानगी घ्यायची की घरमालकाने सरकारी वहीत जाऊन लिहायचं, की मला त्रास देऊ नका? आपण दुसरा रस्ता धरला. ज्यांना हवेत त्यांनीच नाव नोंदवावं, अशी उलटी यादी करण्याची चर्चा नंतर झाली, पण झालं काही नाही. गावाकडच्या ज्या माणसाला अशी नोंदणी असते हेच माहीत नाही, त्याची संमती गृहीत धरली गेली.

नियम कडक व्हायला मात्र एका बड्या माणसाचा फोन वाजावा लागला. 2010 मध्ये अर्थमंत्री प्रणव मुखर्जी विरोधी पक्षनेत्यांबरोबर बैठकीत असताना त्यांना गृहकर्ज देऊ करणारा फोन आला. देशाच्या अर्थमंत्र्याला गृहकर्ज! बातमी देशभर गाजली. त्याच वर्षी 1 डिसेंबरला ट्रायचे नवे नियम निघाले आणि 27 सप्टेंबर 2011 पासून ते लागू झाले. आपला 140 तिथला. जाहिरातीचे फोन करणाऱ्याने नोंदणी करायची आणि 140 च्या मालिकेतूनच बोलायचं. तक्रारीला आणि नोंदणीला 1909. बँक, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य, वाहनं, मनोरंजन, पर्यटन असे सात प्रकार, हवं ते ठेवा, नको ते बंद करा. त्याच दणक्यात एका सिमवरून दिवसाला शंभरच एसएमएस, अशी मर्यादाही घातली. ती पुढे दोनशे केली आणि जुलै 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सामान्य माणसाच्या खासगी मेसेजपुरती ती रद्द केली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

आता खरी गोम. 140 हा नंबर कोण घेतो? जो नियम पाळतो तो. ज्याला पाळायचाच नाही तो साध्या दहा आकडी सिमवरून बोलतो. म्हणजे नियमाने सरळ माणसाच्या कपाळावर चिठ्ठी लावली आणि लबाड गर्दीत मिसळला. आपण 140 पाहून फोन कापतो आणि 98 ने सुरू होणारा उचलतो, कारण तो पाहुण्याचा असू शकतो. त्यात 2016 च्या सप्टेंबरात जिओने बोलणं जवळपास फुकट केलं. 1 जानेवारी 2021 पासून एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला तर द्यावे लागणारे सहा पैसेही गेले. दिवसाला हजार फोन करायला आता फक्त पगारी पोरं लागतात.

अशी पोरं कुठे बसतात, तेही आपण पाहिलं. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर छापे घातले, तेव्हा सातशेहून जास्त जण ताब्यात घेतले होते. अमेरिकेचं आयकर खातं असल्याचं सांगून तिकडच्या लोकांना घाबरवायचं, हा धंदा. आपण म्हणालो, मुंबईचं लफडं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या जळगावच्या ममुराबाद रस्त्यावरच्या फार्महाउसवर पोलिसांचा छापा पडला. परदेशी नागरिकांना फसवणारं बनावट कॉल सेंटर चालत असल्याचा आरोप आहे आणि अटकेत शहराचे माजी महापौरही होते. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, म्हणून नावं घेत नाही. पण केळीच्या पट्ट्यातल्या शेतघरातून साता समुद्रापार फोन जात होते, असं पोलीस सांगतात, ही आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली नोंद आहे. इतकी वर्षं आपण फक्त फोन घेणारे होतो.

मधल्या काळात नियम आणखी बदलले. 2018 ला मेसेज पाठवणाऱ्यांची आणि मजकुराच्या नमुन्यांची नोंद ब्लॉकचेनवर ठेवायचं ठरलं. 8 मार्च 2021 ला त्याची तपासणी एकदम सुरू केली आणि देशभर बँकांचे ओटीपीच अडकले. आठवडाभर ती थांबवावी लागली. 22 ऑक्टोबर 2024 ला परदेशातून भारतीय नंबरचा मुखवटा घालून येणारे फोन अडवणारी यंत्रणा आली. पहिल्या चोवीस तासांतच तिने एक कोटी पस्तीस लाख असे कॉल पकडले. फेब्रुवारी 2025 ची दुरुस्ती मला सगळ्यात कामाची वाटते. आता नोंदणी केलेली नसली तरी साध्या नंबरवरून आलेल्या जाहिरातीच्या फोनची तक्रार करता येते, तीही तीन नाही तर सात दिवसांत. कंपनीने तीस नव्हे, पाच दिवसांत कारवाई करायची. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागत, आता दहा दिवसांत पाच पुरेत.

बरेच जण म्हणतात, एवढं कशाला, अनोळखी नंबर सेटिंगमधून गप्प करून टाका. नोकरदाराला चालेल. रावेर-यावलच्या केळीवाल्याला कसं चालेल? उत्तरेतला व्यापारी नव्या नंबरवरूनच भाव विचारतो. दोंडाईच्याच्या मिरचीवाल्याचं तेच. कोरोनात वॉर्डात माणूस ठेवून बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना आठवत असेल, तेव्हा प्रत्येक महत्त्वाचा फोन अनोळखी नंबरवरूनच आला. आमच्या धंद्यात तर अनोळखी नंबर म्हणजे बातमी. तो बंद करून पत्रकारिता होत नाही. या भामट्यांनी पैशाइतकंच आपलं हे नुकसान केलंय, की जिल्हा रुग्णालयातून बोलतोय म्हणणाऱ्या माणसावरही आपण आधी संशय घेतो.

म्हणून सरसकट बंद करण्यापेक्षा निवडून करा. 1909 ला फोन लावून किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवरून नको ते प्रकार बंद करा. बँकेचा कामाचा फोन आता 1600 च्या मालिकेतून येणं अपेक्षित आहे. जाहिरातीच्या मेसेजच्या नावापुढे पी, सेवेच्या पुढे एस, व्यवहाराच्या पुढे टी आणि सरकारी मेसेजपुढे जी असतं, ते बघत चला. पोलीस, कस्टम, सीबीआय म्हणून कोणी धमकावलं तर 'संचार साथी'वरच्या 'चक्षू'त नोंद करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930. त्याच 'संचार साथी'वर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नावावरचे आधी तपासा. दुकानात कागद देऊन आलेले असतात बिचारे, आणि त्यांच्या नावावरचं सिम कोण वापरतंय हे त्यांना पोलीस आल्यावर कळतं.