बोलका फलक आणि परवलीचा शब्द

जानेवारी २००९ मध्यें अमेरिकेंतील टेक्सास राज्याच्या ऑस्टिन शहरीं मोटारी हांकणाऱ्यांस एक अजब सूचना वाचावयास मिळाली. रस्तादुरुस्तीची वर्दी देणाऱ्या विजेच्या फलकावर ‘सावधान, पुढें झोंबी आहेत’ अशा आशयाचीं अक्षरें झळकत होतीं. झोंबी म्हणजे उठून चालूं लागलेलें प्रेत. आपल्याकडील वेताळाच्या गोष्टींतील प्रेताचा दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा. लोक हंसले, आणि हंसण्यासारखें तें होतेंही.

फलकाची रचना साधी असे. चाकांच्या गाड्यावर दिव्यांची चौकट आणि खालीं एका पेटींत कळफलक. पेटीचें कुलूप तुटलें कीं पुढें पहारेकरी एकच, तो परवलीचा शब्द. हा शब्द कारखान्यांतून निघतांना सर्वच फलकांना एक घातलेला असे. घेणारानें तो बदलावा अशी अपेक्षा. परंतु तें काम बहुधा कोणाच्याच वांट्यास आलेलें नसे. बदललाच, तरी कांहीं ठराविक कळा दाबल्या असतां मूळचा शब्द पुनः लागू होई. शब्द विसरला म्हणून मजुरांचें काम अडूं नये यासाठीं ठेवलेली ही सोय आगंतुकांच्याच कामीं आली.

विश्वासाच्या सांखळींतील एक कडी फोडून सबंध मार्ग वापरण्याची ही युक्ति मात्र नवी नव्हे. फ्रान्समध्यें मनोऱ्यावरील लांकडी हात हलवून सरकारी निरोप पाठवीत. १८३४ ते १८३६ या काळांत बोर्दोच्या ब्लां बंधूंनीं तूर येथील तारमास्तरास लांच देऊन त्या निरोपांत मुद्दाम एक चुकीची खूण घालविली व तिच्यामागें ‘मागील खूण रद्द’ हें चिन्ह. सरकारचा निरोप शाबूत राही. बोर्दोस त्यांच्या माणसाला मात्र पॅरिसच्या रोख्यांचा भाव टपालाच्या आधीं कळे. १८३७ सालीं खटला झाला, तेव्हां असें करूं नये असा कायदाच नव्हता!

ऑस्टिनच्या वेळीं निदान फलकापर्यंत चालत जावें लागलें. पुढें अभियंत्याची खेप वांचावी म्हणून असे अनेक फलक टेलिफोनच्या तारेला आणि इंटरनेटला जोडले गेले, आणि ती खेप उपद्व्यापी माणसाचीही वांचली. २०१४ सालीं नॉर्थ कॅरोलायनांतील कांहीं फलकांवर कोणा घुसखोराचें टोपणनांव उमटलें. जूनमध्यें केंद्र सरकारच्या खात्यानें इशारा काढला कीं, एका जातीच्या फलकांतील परवलीचा शब्द कायमचाच आहे. लवकरच दुरुस्ती आली: शब्द बदलतां येतो, कोणीं बदललेला नाहीं इतकेंच. ही दुरुस्ती कारखानदारास सुखावह असेल. रस्त्याच्या अधिकाऱ्यांस नव्हे, कारण दोष आतां त्यांच्या पदरीं आला.

भुतांच्या सूचनेनें कोणी मेलें नाहीं. परंतु ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणाऱ्यास फलकावर विश्वास ठेवावयास कांहीं क्षणच मिळतात. तोच फलक उद्यां ‘पुढें पूल बंद’ म्हणेल, तेव्हां तो पुनः हंसला तर काय? खात्यानें सांगितलेले उपाय किरकोळ होते: शब्द बदला, नको असलेले प्रवेशमार्ग बंद करा, फलक सर्वांस खुल्या जाळ्यावर ठेवूं नका.