अडीच डॉलरचे चिलखत

मार्च २००६ मध्ये बेथेस्डाचा ‘ऑब्लिव्हियन’ हा गेम आला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने त्यातल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढले. एक्सबॉक्स ३६० वर किंमत २०० पॉइंट्स, म्हणजे अडीच डॉलर. पैसे भरायचे, गेममधल्या राजधानीबाहेरचा तबेला गाठायचा आणि तिथल्या बाईकडून पोलादी किंवा एल्व्हन घडणीचे चिलखत घ्यायचे. कथा तसूभरही पुढे सरकत नव्हती. साठ डॉलर मोजून गेम घेतलेले लोक खवळले, आणि ते चिलखत कंपन्यांच्या हावरेपणाची खूण होऊन बसले.

त्याआधीही गेममध्ये भर पडत होतीच. १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ आला आणि त्याच वर्षाअखेरीस ‘ब्रूड वॉर’ ही त्याची पुरवणी. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ला २००० मध्ये ‘द कॉन्करर्स’ जोडली गेली. त्यात हूण, अॅझटेक, माया, स्पॅनिश आणि कोरियन अशा पाच नव्या संस्कृती होत्या. अशी पुरवणी सीडीवर, खोक्यात घालून दुकानात ठेवावी लागे. एवढा खर्च करून एकटे चिलखत विकणे कोणालाच परवडले नसते. इंटरनेटवरून थेट विक्री सुरू झाली आणि हा अडसर गेला.

२०१२ मध्ये गोष्ट आणखी घसरली. कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’च्या डिस्कमध्येच १२ लढवय्ये कुलूपबंद असल्याचे उघड झाले, ते नंतर वेगळे विकायचे ठरले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘मास इफेक्ट ३’ आला. नामशेष झालेल्या प्रोथियन जमातीचा एकमेव वाचलेला जाविक, ज्याच्या जमातीभोवती मालिकेचे मोठे गूढ फिरते, तो साध्या आवृत्तीत नव्हताच. पहिल्याच दिवसापासून त्याचे वेगळे दहा डॉलर. शिजवलेल्या ताटातून वाटी उचलून तिचे निराळे पैसे मागावेत, तसे हे झाले.

म्हणून जादा पैसे मागणेच वाईट, असे मात्र नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ मध्ये ‘द विचर ३’साठी १६ छोट्या पुरवण्या फुकट दिल्या, पैसे घेतले ते मोठ्या पुरवण्यांचे. २०१६ ची ‘ब्लड अँड वाइन’ अख्खा नवा मुलूख घेऊन आली आणि लोकांनी ती आनंदाने विकत घेतली.

चिलखताची विक्री निदान उघड तरी होती. काय मिळणार ते घेणाऱ्याला ठाऊक होते. खरा घात केला तो बंद पाकिटांनी. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या फिफा मालिकेत २००९ पासून ‘अल्टिमेट टीम’ सुरू झाली. पैसे देऊन पाकीट घ्या, आत कोणता फुटबॉलपटू निघेल ते नशिबावर. शाळकरी पोरांच्या हातात हे देणे मुळातच चूक होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये याच कंपनीच्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’वरून भडका उडाला. त्यात डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला गेममधली ६०,००० क्रेडिट्स लागत, आणि तेवढी जमवायला तासन् तास खेळत राहावे लागे, नाहीतर पैसे देऊन बंद पाकिटे घ्यावी लागत. ओरड झाल्यावर कंपनीने किंमत १५,००० वर आणली, पण मुख्य मोहीम पूर्ण केल्याचे बक्षीसही २०,००० वरून ५,००० केले! संताप इतका वाढला की गेम अधिकृतपणे येण्याच्या आदल्या संध्याकाळी आतली सगळी खरेदी बंद करावी लागली.

एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने ‘फिफा १८’, ‘ओव्हरवॉच’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’च्या लूट बॉक्सना, म्हणजे अशा बंद पाकिटांना, जुगार ठरवले. शिक्षा ८ लाख युरोंपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तिथे ही पाकिटे घेण्यासाठी लागणारे फिफा पॉइंट्स विकणे थांबवले. बहुतेक देशांत ते चालूच राहिले. मार्च २०२१ ला संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीला ‘अल्टिमेट टीम’मधून १ अब्ज ६२ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाहूनही जास्त.