रक्ताचे डाग कोणी पुसायचे?

३१ ऑगस्ट १८८८. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील बक्स रो नावाच्या अरुंद गल्लीत पहाटे पावणेचारच्या सुमारास मेरी अ‍ॅन निकोल्स या स्त्रीचे प्रेत आढळले. डॉक्टर आले, मृत्यू झाल्याचे सांगून गेले, आणि प्रेत शवागाराकडे रवाना झाले. मागे उरले ते फरसबंदीवर साकळलेले रक्त.

शेजारच्याच घरात एमा ग्रीन नावाची विधवा मुलांसह राहत असे. तिच्या एका मुलाने बादलीभर पाणी आणले आणि ते रक्त धुऊन टाकले. त्याला कोणी अडवले नाही. इन्स्पेक्टर स्प्रॅटलिंग तेथे पोहोचले तेव्हा दगडांच्या फटींत काही अंश तेवढा शिल्लक होता.

‘जॅक द रिपर’ या नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेल्या खुन्याविषयी शेकडो पुस्तके लिहिली गेली. त्या बादलीकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही. वास्तविक एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर त्या बादलीत आहे: खून झाल्यावर उरलेली घाण कोणी आवरायची? १८८८ साली त्याचे उत्तर सरळ होते. ज्याच्या दारात सांडली, त्याने.

शवागारातही तोच प्रकार. तेथे देखरेखीला होते वर्कहाउसच्या, म्हणजे अनाथ-निर्धनांच्या आश्रयगृहाच्या, आसऱ्याला राहिलेले दोन गरीब इसम. त्यांनी पोलिसांची वाट न पाहता प्रेतावरचे कपडे उतरवले, काही तर कापून काढले. प्रेताला हात लावू नका असे बजावले होते, असे पोलिसांचे म्हणणे. तसे आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते, असे त्या इसमांचे. आठच दिवसांनी, ८ सप्टेंबरला, अ‍ॅनी चॅपमनचा खून झाला, तेव्हाही परिचारिकांनी तिचे कपडे उतरवून देह स्वच्छ धुतला. डॉ. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स तपासणीला आले ते संतापले. कॉरोनरपुढील चौकशीत त्यांनी आपली तक्रार उघडपणे नोंदवली. (अकस्मात मृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी मुंबईकरांना अनोळखी नाही, मुंबईत हे पद १९९९ पर्यंत होते.)

त्या परिचारिकांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मृतदेह धुणे हा त्यांच्या दृष्टीने अखेरचा सन्मान होता. पुरावा आणि माया यांची गाठ त्या टेबलावर पडली, आणि पुराव्याच्या बाजूने बोलणारे शास्त्र तेव्हा जेमतेम रांगत होते. डाग मानवी रक्ताचा की जनावराच्या, हे खात्रीने सांगणारी चाचणी पाउल उलेनहुथ या जर्मन शास्त्रज्ञाने दिली ती १९०१ साली. लँडस्टायनर यांचे रक्तगटांवरील संशोधनही त्याच सुमाराचे. स्कॉटलंड यार्डात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला तोही १९०१ मध्येच. बक्स रोच्या मागच्याच रस्त्यावर घोड्यांचा कत्तलखाना होता. अशा वस्तीत फरसबंदीवरचे रक्त म्हणजे पुरावा नव्हे, नुसती घाण.

३० सप्टेंबरच्या पहाटे तर दोन खून झाले. बर्नर स्ट्रीटवरील अंगणातले रक्त साडेपाचच्या सुमारास एका शिपायानेच धुऊन काढले. जवळपास त्याच वेळी गौलस्टन स्ट्रीटवर, रक्ताळलेल्या एप्रनचा तुकडा जिथे सापडला तिथल्या भिंतीवरचा खडूचा मजकूर पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांच्या हुकुमावरून पुसला गेला. त्यात ज्यूंचा उल्लेख होता. उजाडल्यावर दंगल पेटेल अशी त्यांना धास्ती होती. छायाचित्र काढेपर्यंत थांबा, ही सिटी पोलिसांची विनंती मानली गेली नाही. त्या ओळी खुन्यानेच लिहिल्या होत्या काय, हा वाद आजही मिटलेला नाही.

बक्स रोच्या रहिवाशांना रक्त धुता आले. नाव धुता आले नाही. अखेर १८९२ मध्ये त्या रस्त्याचे नावच बदलून डर्वर्ड स्ट्रीट करण्यात आले.

विचार पालटायला आणखी तीन दशके जावी लागली. १९२४ साली ईस्टबोर्नजवळील क्रंबल्स या समुद्रकाठच्या ओसाड पट्टीवरील एका बंगल्यात एमिली के हिचा खून झाला. पॅट्रिक मेहन या तिच्या प्रियकराने मृतदेहाचे तुकडे केले होते, काही शिजवलेही होते. शवचिकित्सक बर्नार्ड स्पिल्सबरी तेथे गेले, तर गुप्तहेर खात्यातले अनुभवी अधिकारी कुजलेले मांस उघड्या हातांनी उचलत होते. हातमोजे वापरण्याची रीतच नव्हती! या प्रसंगातून स्कॉटलंड यार्डाची ‘मर्डर बॅग’ जन्माला आली: रबरी हातमोजे, चिमटे, पुराव्याच्या पिशव्या, भिंग, मोजपट्टी. गुन्ह्याच्या जागी रक्ताला कसे हाताळावे याचा शिरस्ता पडला तो इथून. १९३७ मध्ये वॉल्टर स्पेख्ट यांनी ल्युमिनॉलचा उपयोग दाखवून दिला, आणि पुसलेला डागही अंधारात निळसर उजळू लागला.

हे सारे पोलिसांच्या बाजूचे झाले. पोलीस निघून गेल्यावर काय? जागेचा ताबा परत मिळाला की सफाई मालकाची, हा नियम अमेरिकेतही दीर्घकाळ तसाच होता. आईने मुलाच्या खोलीतली गादी उचलायची, भावाने भिंत घासायची. हॉटेलात असे काही घडले तर खोल्या झाडणारी बाई पोछा घेऊन जायची.

त्याला आळा बसला तो करुणेने नव्हे, विषाणूंच्या भीतीने. १९८१ नंतर एड्सने रक्ताकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. हिपॅटायटिस-बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकी सरकारने रक्तजन्य रोगांबाबत कामगार-सुरक्षेचा नियम जारी केला: ज्याचा रक्ताशी संबंध येऊ शकतो अशा कामगाराला प्रशिक्षण, संरक्षक पोशाख आणि हिपॅटायटिस-बीची लस मालकाने स्वखर्चाने द्यावी. आता पोछा घेऊन कोणालाही धाडणे मालकाला महागात पडणार होते. धंद्याला वाव मिळाला. १९९४ च्या ‘पल्प फिक्शन’मध्ये हार्वी कायटेलने रंगवलेला, रक्ताने माखलेली मोटार साफ करवून घेणारा माणूस पाहूनच हा व्यवसाय सुचला, असे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील एका व्यावसायिकाने पुढे सांगितले आहे. कॅलिफोर्नियाने १९९७ मध्ये स्वतंत्र कायदा करून अशा सफाईदारांना नोंदणी सक्तीची केली. २०१७ मध्ये या कामाचे राष्ट्रीय मानकही ठरले.

काम घासण्याचे कमी, कापण्याचे अधिक. गालिच्यावर तळहाताएवढा दिसणारा डाग खालच्या अस्तरात आणि फळ्यांत कितीतरी पसरलेला असतो. ते सारे कापून, जैवधोक्याची खूण असलेल्या पिशव्यांत बंद करून न्यावे लागते. जंतुनाशक फवारून लगेच पुसले तर उपयोग नाही, ठरावीक वेळ ते ओलेच राहिले पाहिजे.

खर्चाचा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील अनेक राज्यांत गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या भरपाई निधीतून या सफाईचे पैसे मिळू शकतात. आत्महत्या किंवा एकाकी मृत्यू हा मात्र गुन्हा नव्हे. तेथे घरमालकाचा विमा असला तर ठीक. नसला, तर बिल कुटुंबाच्या नावे निघते, आणि ज्यांना ते परवडत नाही त्या घरांत आजही बादली घरातलेच कोणीतरी भरते.