महात्मा फुले जन आरोग्य योजना : पैसे खात्यात येत नाहीत, दवाखान्याला मिळतात, त्यामुळे भरती होतानाच नोंद करा

नांदेड/लातूर : ऑपरेशन झालं, बिल भरलं आणि मग योजनेचे पैसे मिळतील का म्हणून विचारपूस सुरू झाली, असे गावोगावी घडते. पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. ही योजना कॅशलेस आहे. भरलेल्या बिलाचे पैसे नंतर खात्यात जमा होत नाहीत.

सुरुवात कशी झाली?
शेजारच्या आंध्र प्रदेशात २००७ मध्ये आरोग्यश्री योजना सुरू झाली. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आणली. पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. लातूरसह बाकीचे जिल्हे नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले.

पैसा कसा फिरतो?
प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो. त्याला पॅकेज म्हणतात. सुरुवातीला सरकार विमा कंपनीला कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता भरत होते. हॉस्पिटलने उपचाराआधी ऑनलाइन मंजुरी घ्यायची आणि रुग्ण घरी गेल्यावर क्लेम टाकायचा, अशी पद्धत आहे. पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधे, ऑपरेशन, जेवण, परतीचे एसटी किंवा रेल्वेचे भाडे आणि सुट्टीनंतर दहा दिवसांची औषधे धरलेली असतात. त्यामुळे मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून वरचे पैसे घेता येत नाहीत.

कोणाला लाभ?
पिवळे व केशरी रेशनकार्डवाले आधीपासून पात्र होते. नांदेड, लातूरसह १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्यावर लाभ मिळू लागला. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने सर्वच रेशनकार्डधारक योजनेत आले. संरक्षण दीड लाखावरून कुटुंबाला वर्षाला ५ लाख झाले. किडनी बदलण्याची मर्यादा अडीच लाखावरून साडेचार लाख झाली.

काय करावे?
- दवाखाना योजनेत आहे का आणि आपल्या आजाराचा विभाग तिथे योजनेत आहे का, हे दोन्ही विचारा. सगळेच आजार सगळीकडे होत नाहीत.
- भरतीआधी किंवा भरती होतानाच आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरची कागदं सोबत ठेवा.
- तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात, कागदं मागाहून देता येतात.
- कार्डात नव्या सुनेचे, लेकराचे नाव नसेल तर आजच तहसीलला जाऊन घालून घ्या. ऐनवेळी तिथेच गाडी अडते.
- सर्दी-तापाच्या ओपीडी गोळ्यांना योजना लागू नाही.

कुणी वरचे पैसे मागितले तर भरण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री नंबरवर तक्रार करावी. पैसे दिलेच असतील तर पावती जपून ठेवावी. तक्रारीला तोच पुरावा असतो.